‘बदलतायत ना नावं? बदलू दे’ : एका ध्वनिसंग्रहाचं प्रकरण

एका छोट्या संस्थेकडे मौखिक इतिहासाचा संग्रह होता. वयस्कर माणसांच्या मुलाखती, त्यांनी म्हटलेली गाणी, मुलाखतीच्या वेळी काढलेले फोटो आणि संमतिपत्रांच्या स्कॅन प्रती अशा मिळून हजारो फाइली. हा संग्रह एका मोठ्या अभिलेखागाराकडे सोपवायचं ठरलं. अभिलेखागाराची अट साधी होती. प्रत्येक फाइलचं नाव ठरलेल्या साच्यात हवं: आधी तारीख, मग ठिकाणाचा संकेत, मग बोलणाऱ्याचा क्रमांक आणि शेवटी अनुक्रम. ही अट पुरी करण्याच्या धडपडीत संस्थेचे कितीतरी फोटो कायमचे गेले आणि ईमेल खातं काही काळ परक्याच्या हाती राहिलं. ओळख पटेल असे तपशील गाळून ते प्रकरण इथे मांडतो आहे. पायरसीवरच्या नेहमीच्या उपदेशात न येणारी एक गोष्ट त्यात आहे.

मुळात नावं इतकी वाईट का होती, ते आधी पाहू. डिजिटल कॅमेरे ‘डीसीएफ’ या मानकाप्रमाणे नाव देतात: चार अक्षरं आणि चार अंक. मोजणी ०००१ पासून ९९९९ पर्यंत जाते आणि पुन्हा पहिल्यावर येते. रेकॉर्डरचंही तसंच, कार्ड फॉरमॅट केलं की बऱ्याच यंत्रांत गिनती नव्याने सुरू होते. त्यामुळे ‘डीएससी_०००१’ नावाचे फोटो या संग्रहात बऱ्याच फोल्डरांमध्ये होते आणि प्रत्येकात वेगळाच चेहरा. विंडोजमध्ये सगळ्या फाइली निवडून एफ-२ दाबलं की ‘मुलाखत (१)’, ‘मुलाखत (२)’ अशी नावं एका झटक्यात पडतात, पण त्यात तारीख नाही, माणूस नाही.

संस्थेच्या संग्रहपाल बाईंनी त्यावर फार नेटकं काम केलं होतं. एक्सेलमध्ये तक्ता: डाव्या रकान्यांत फोल्डर आणि जुनं नाव, उजव्या रकान्यात नवं. आवाज ऐकून, फोटो पाहून, वह्यांतल्या नोंदींशी ताडून एकेक ओळ भरलेली. हा तक्ता त्यांनी स्वतःलाच ईमेलने पाठवूनही ठेवला होता. खरं काम इथेच संपलं होतं. उरलं होतं ते तक्ता वाचून नावं बदलण्याचं, निव्वळ यंत्राचं काम.

त्यासाठी त्यांना एक प्रोग्रॅम आवडला. चाचणी आवृत्तीत तो एका वेळी मोजक्याच फाइली घ्यायचा आणि संस्थेच्या वापरासाठी परवाना विकत घ्यावा लागायचा. खरेदीच्या मंजुरीला वेळ लागणार होता, सुपूर्द करायची तारीख मात्र जवळ आलेली. मदतीला असलेला मुलगा म्हणाला, “मॅडम, याचा क्रॅक मिळतो. दोन मिनिटांचं काम आहे.” क्रॅक म्हणजे परवान्याची तपासणी मोडून फुकट चालवलेली चोरटी आवृत्ती.

झिप, पासवर्ड आणि एक अर्धसत्य

जे उतरवलं ती एक झिप फाइल होती, पासवर्ड लावलेली, आणि पासवर्ड फाइलच्या नावातच लिहिलेला. कुलूप लावून किल्ली दारालाच अडकवायची तर कुलूप कशाला, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही. ते कुलूप माणसासाठी नसतंच. पासवर्ड असलेल्या झिपमधला मजकूर ब्राउझरला, मेल सर्व्हरला किंवा अँटीव्हायरसला उघडून तपासता येत नाही. फाइल तपासणीविना आत येते आणि माणूस ती स्वतःच्या हाताने उघडतो. याच जातीची दुसरी युक्ती म्हणजे आतल्या प्रोग्रॅममध्ये निरर्थक शून्यं भरून तो शेकडो मेगाबाइटचा करायचा. फार मोठ्या फाइली कित्येक तपासणी यंत्रणा सोडून देतात.

झिपमध्ये सूचनांची एक टेक्स्ट फाइल होती. पहिलीच ओळ: अँटीव्हायरस बंद करा, क्रॅक असल्यामुळे तो उगाच ओरडतो.

मला या प्रकरणात सर्वांत घातक वाटते ती ही ओळ, कारण ती अर्धी खरी आहे. परवान्याची तपासणी मोडणारे पॅच आणि की-जनरेटर यांना अँटीव्हायरस कंपन्या ‘हॅकटूल’ म्हणून पकडतातच, त्यांत दुसरं काही विष असो वा नसो. क्रॅक वापरणाऱ्याने हा इशारा पूर्वी पाहिलेला असतो, तो डावलूनही काही बिघडलं नाही असा त्याचा अनुभव असतो. म्हणून खरं विष समोर आलं तरी तोच लाल चौकोन दिसतो आणि त्याचा अर्थ ‘क्रॅक बरोबर आहे’ असा लावला जातो. संकटाची खूण हीच अस्सलपणाची खूण होऊन बसते. ‘पायरसी म्हणजे चोरी’ हे वाक्य ऐकून कुणी थांबल्याचं माझ्या पाहण्यात नाही. ही गोष्ट नीट समजली तर निदान काही लोक थांबतील असं वाटतं.

अँटीव्हायरस बंद झाला. विंडोजने विचारलं, या प्रोग्रॅमला संगणकात बदल करू द्यायचे का? ‘होय’ दाबलं. आणि प्रोग्रॅम चालू झाला, अगदी व्यवस्थित. क्रॅकसोबत आलेला मूळ प्रोग्रॅम खराच होता. त्याने तक्ता वाचला, जुनी नावं डावीकडे, नवी उजवीकडे दाखवली. फोटोंचे फोल्डर आधी घेतले, ते भराभर झाले. मग आवाजाच्या फाइली.

दोन नावबदल एकाच वेळी

थोड्या वेळाने संगणक मंदावला. कोपऱ्यात विंडोज अपडेट चालू असल्याची छोटी खिडकी दिसत होती, तेव्हा मंदावण्याचं कारणही मिळालं. मुलगा फोल्डरकडे बघत होता. “मॅडम, नावं बदलतायत, पण शेवटी काहीतरी जास्तीचं लागतंय.” बाई तक्त्यात गुंतल्या होत्या. “बदलतायत ना नावं? बदलू दे.”

जास्तीचं लागत होतं ते चार अक्षरांचं नवं एक्स्टेन्शन. अपडेटची खिडकी बनावट होती. मागे चालू होतं ते ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ या नावाने ओळखलं जाणारं रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम. २०१८ पासून ते मुख्यतः क्रॅक, की-जनरेटर आणि बनावट ॲक्टिव्हेटर यांतूनच पसरत आलं आहे. मोठ्या कंपन्यांच्या नेटवर्कमध्ये शिरून कोट्यवधींची खंडणी मागणाऱ्या टोळ्यांचं हे हत्यार नव्हे; याचं गिऱ्हाईक म्हणजे एकटादुकटा माणूस किंवा अशी छोटी संस्था.

उपदेशात न येणारी गोष्ट हीच. रॅन्समवेअर ओळखण्याची सर्वांना ठाऊक असलेली खूण म्हणजे हजारो फाइलींची नावं भराभर बदलू लागणं. आणि इथे तर प्रोग्रॅम आणला होता तोच त्यासाठी. गाण्यांचा प्लेयर किंवा पीडीएफ वाचणारा प्रोग्रॅम क्रॅक करून आणला असता आणि फोल्डरांतली नावं हलू लागली असती, तर कुणीतरी वीज बंद केली असती. नावं बदलणाऱ्या प्रोग्रॅमच्या आड लपलेलं रॅन्समवेअर मात्र सांगितलेलंच काम करताना दिसतं. शिवाय असा प्रोग्रॅम माणूस कुठल्या तरी कोपऱ्यात चालवत नाही. आयुष्यभराचे फोटो, अख्खा संग्रह त्याच्यासमोर मांडून ठेवतो.

विंडोज १० मध्ये २०१७ च्या ऑक्टोबरपासून ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ नावाची सोय आहे. अनोळखी प्रोग्रॅमला ठरावीक फोल्डरांत लिहू न देणं हे तिचं काम. ती आपोआप चालू नसते, आणि इथे तर तिचा आधार असलेला विंडोजचा अँटीव्हायरस, डिफेंडरच बंद केलेला होता. पण समजा ती चालू असती, तरी काय झालं असतं? तिने अडवलं असतं, आणि नावं बदलायची तर परवानगी द्यावीच लागणार म्हणून बाईंनी ती दिली असती. निदान मूळ प्रोग्रॅमला. त्याच्याआडून चालणारी दुसरी फाइल वेगळी अडवली गेली असती, आणि तेवढा दुसरा इशारा पुरला असता की नाही, हे तो वाचणाऱ्यावर होतं.

शंका आली ती वेगळ्याच वाटेने. प्रोग्रॅम ‘फाइल सापडत नाही’ असं सांगू लागला. तक्त्यातलं जुनं नाव शोधायला तो जाईपर्यंत रॅन्समवेअरने त्या नावाला शेपटी लावलेली असायची. दोन नावबदल एकमेकांच्या पायात येत होते. बाईंना वाटलं तक्त्यातच चूक आहे, आणि त्या निमूटपणे तक्ता दुरुस्त करायला बसल्या. मग पडताळणीसाठी एक फोल्डर उघडला, तर त्यात खंडणीची चिठ्ठी. या रॅन्समवेअर-कुटुंबाच्या चिठ्ठीचा मजकूर बराच काळ एकच होता: ९८० डॉलर, ७२ तासांत संपर्क केलात तर निम्मे, ४९०.

पुढची चूक घबराटीतली. बॅकअप शाबूत आहे ना, हे पाहायला ड्राइव्ह त्याच संगणकाला जोडली गेली. हे रॅन्समवेअर एक नियोजित काम लावून ठेवतं आणि दर पाच मिनिटांनी पुन्हा जागं होतं. मधल्या काळात जे नवं जोडलं जाईल तेही त्याच्या तडाख्यात येतं. विंडोजने ठेवलेल्या ‘शॅडो कॉपी’, म्हणजे फाइलींच्या आधीच्या प्रती, ते आधीच पुसतं. ड्राइव्ह ओढून काढेपर्यंत तिचाही बराच भाग गेला होता. वाचली ती दुसऱ्या इमारतीत कपाटात पडलेली एक जुनी डिस्क. तिच्यात अलीकडच्या मुलाखती आणि त्यांचे फोटो नव्हते, पण बाकी सगळं जुन्या नावांनिशी होतं. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ चा नियम, म्हणजे तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमं, एक प्रत दुसऱ्या जागी, इथे कुणी ठरवून पाळला नव्हता. नवी डिस्क घेतल्यावर जुनी फेकून न देण्याच्या सवयीने तो अर्धामुर्धा पाळला गेला.

काय परत आलं

खंडणी दिली नाही. एमसिसॉफ्ट या कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये या रॅन्समवेअरच्या १४८ उपप्रकारांसाठी मोफत उलगडा-साधन काढलं होतं, तेव्हा पहिली आशा त्याच्यावर होती. पण ऑगस्ट २०१९ नंतरच्या आवृत्त्यांत गणित बदललं आहे. रॅन्समवेअरचा आपल्या सर्व्हरशी संपर्क झाला तर प्रत्येक बळीसाठी वेगळी किल्ली मिळते आणि ती बाहेर कुणाकडेच नसते. संपर्क झाला नाही तर ते पोटातली ठरावीक ‘ऑफलाइन’ किल्ली वापरतं, आणि अशी किल्ली उजेडात आली की सर्वांच्या फाइली उघडतात. चिठ्ठीतल्या ओळख-क्रमांकाच्या शेवटी ‘टी१’ असेल तर किल्ली ऑफलाइन. इथे ‘टी१’ नव्हतं. नेटची केबल आधीच निघालेली असती तर कदाचित असतं.

तरीही आवाजाच्या जवळपास सगळ्या फाइली परत मिळाल्या. त्यामागचा हिशेब सांगण्यासारखा आहे. हे रॅन्समवेअर घाईत असतं. प्रत्येक फाइलचे सुरुवातीचे सुमारे १५० किलोबाइटच कुलूपबंद करतं आणि शेवटी ठरावीक लांबीची शेपटी चिकटवतं. मधला सगळा भाग जसाच्या तसा राहतो. संग्रहातल्या मुलाखती ‘वेव्ह’ स्वरूपात होत्या. या स्वरूपात सुरुवातीला छोटंसं शीर्षक असतं, मग कच्चा आवाज सलग. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ असा आवाज सेकंदाला १,७६,४०० बाइट घेतो. म्हणजे १,५३,६०० बाइट गेले तरी गेला तो एका सेकंदाहूनही कमी आवाज. फाइलीची डोक्याकडची आणि शेपटीकडची बाजू छाटून नवं शीर्षक बसवलं की मुलाखत ऐकू येते. बहुतेक ठिकाणी गेला होता तो रेकॉर्डरचं बटण दाबल्याचा खडखडाटच.

फोटोंचं नशीब उलटं. जेपीईजीमध्ये चित्र उलगडायला लागणारे तक्ते सुरुवातीलाच असतात, आणि चित्राचा वरचा भागही त्याच १५० किलोबाइटमध्ये सुरू झालेला असतो. त्याच कॅमेऱ्याच्या, त्याच मांडणीच्या धडधाकट फोटोचं शीर्षक उसनं घेऊन काही चित्रं उघडली, पण वरची पट्टी गायब, रंग विस्कटलेले, चित्र सरकलेलं. बरीच उघडलीच नाहीत. कॅमेऱ्याने नोंदवलेली तारीख-वेळही शीर्षकातच असते, त्यामुळे तीही गेली. इथे एक गंमत झाली: ज्या फोटोंची नावं रॅन्समवेअरच्या आधी बदलून झाली होती, त्यांची तारीख नव्या नावात शिल्लक होती. चोरीचा प्रोग्रॅम ज्या कामासाठी आणला ते त्याने तेवढं केलं होतं, हे कबूल करायला हवं.

संमतिपत्रांच्या लहान स्कॅन फाइली १५० किलोबाइटच्या आतल्या, म्हणून संपूर्ण गेल्या. कागद कपाटात होते. पुन्हा स्कॅन केले.

मग कोणती फाइल कुठली, हा गुंता. काही फाइली नव्या नावाच्या पण कुलूपबंद, काही जुन्या नावाच्या कुलूपबंद, काही अस्पर्श. नाव बदलल्याने फाइलचा मजकूर बदलत नाही. बदलते ती फक्त फाइल सिस्टिममधली नोंद. म्हणून अस्पर्श फाइली जुन्या डिस्कवरच्या प्रतींशी हॅशवरून, म्हणजे मजकुरावरून काढलेल्या ठशासारख्या अंकावरून, बिनचूक जुळल्या, नाव काहीही असो. कुलूपबंद फाइलचा हॅश अर्थातच जुळत नाही. तिथे सुरुवातीचा भाग आणि शेपटी वगळून उरलेल्या मधल्या भागाचा हॅश काढला, आणि जुळणी झाली.

जे दिसलं नाही

रॅन्समवेअर निदान चिठ्ठी ठेवतं. त्याच क्रॅकमधून आलेलं दुसरं पाहुणं काहीच बोललं नाही. या कुटुंबासोबत पूर्वी ‘अझोरल्ट’, पुढे ‘विडार’, ‘रेडलाइन’ असे माहितीचोर प्रोग्रॅम येत राहिले आहेत. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, आपोआप भरली जाणारी माहिती आणि लॉगिन चालू ठेवणाऱ्या कुकीज गोळा करून ते काही मिनिटांत पाठवून देतात. डच पोलीस आणि एफबीआय यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये रेडलाइनची यंत्रणा उखडली, मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘लुमा’ या दुसऱ्या चोरावर अशीच कारवाई केली. पण हा धंदा भाड्याने चालतो, आणि एक दुकान बंद झालं की गिऱ्हाईक पुढच्याकडे जातं.

संस्थेच्या ईमेलला दुहेरी पडताळणी होती, म्हणून सगळे निर्धास्त होते. चोराने पासवर्ड टाकलाच नाही. चालू लॉगिनची कुकी त्याच्याकडे होती, म्हणजे दार उघडंच मिळालं. काही दिवसांनी त्या खात्यातून ओळखीच्या लोकांना लिंका जाऊ लागल्या. त्यातली हळहळ अशी की पहिल्याच संध्याकाळी पासवर्ड बदलले होते, पण त्याच संगणकावरून. स्वच्छ यंत्रावरून आधी सर्व ठिकाणचं लॉगिन तोडायचं आणि मगच पासवर्ड बदलायचा, हा क्रम नंतर कळला. खात्यात मुलाखत दिलेल्यांचे फोन क्रमांक आणि पत्ते होते, तेव्हा संस्थेने त्या प्रत्येकाला कळवलं. काहींनी विचारलं की आमचं गाणं सुरक्षित आहे ना. संगणक पुसून विंडोज नव्याने घातलं.

तेच काम, दुसऱ्यांदा

तक्ता ईमेलमध्ये होता. या वेळी पैसे देण्याची गरजच नाही हे लक्षात आलं, आणि सगळ्या प्रकरणातली मला बोचणारी गोष्ट हीच. विंडोजबरोबर येणाऱ्या पॉवरशेलमध्ये ‘इम्पोर्ट-सीएसव्ही’ने तक्ता वाचून ‘रिनेम-आयटम’ला द्यायचा, एवढ्या चार-पाच ओळींचं ते काम होतं. ‘व्हॉटइफ’ ही जोड लावली की आज्ञा काय करेल ते नुसतं सांगते, करत काही नाही. स्क्रिप्टचा धसका असेल तर ‘अँट रिनेमर’ मुक्त स्रोत आहे. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमधलं ‘पॉवररिनेम’ही मुक्त स्रोत आणि मोफत आहे, शोधा-आणि-बदला पद्धतीच्या कामाला उत्तम. मॅकच्या फाइंडरमध्ये गठ्ठ्याने नावं बदलण्याची सोय २०१४ च्या योसेमिटीपासून आहे. फोटोंच्या आतल्या तारखेवरून नाव द्यायचं तर फिल हार्वी यांचं ‘एक्झिफटूल’. ‘बल्क रिनेम युटिलिटी’ घरगुती वापराला मोफत आहे, पण संस्था किंवा व्यवसायाला परवाना लागतो. हा फरक डाउनलोडच्या बटणाशी कुणी वाचत नाही. मोफत प्रोग्रॅमही निर्मात्याच्या स्वतःच्या जागेवरूनच घ्यायचा, कारण लोकप्रिय मोफत साधनांच्या नकली जागा जाहिराती देऊन शोधनिकालांत वर आणल्या जातात.

कामाची पद्धत बदलली. मूळ डिस्कला हात न लावता प्रतीवर काम, आधी एका फोल्डरची चाचणी, जुनं-नवं नाव लिहिणारी नोंदफाइल शेवटपर्यंत चालू. चाचणीत दोन गोष्टी सापडल्या. सलग टिपलेल्या फोटोंची वेळ सेकंदापर्यंत एकच असल्याने नुसत्या तारीख-वेळेवरून दिलेली नावं एकमेकांवर आदळत होती; विंडोज अशा वेळी अडवतं, पण लिनक्सची ‘एमव्ही’ आज्ञा मुकाट्याने आधीच्या फाइलवर नवी फाइल बसवते. आणि अनुक्रम १, १०, २ असा लागत होता, म्हणून सर्वत्र ००१, ००२ असे शून्य भरलेले अंक घेतले.

अभिलेखागाराकडे संग्रह गेला तो प्रत्येक फाइलच्या एसएचए-२५६ हॅशच्या यादीसह. सावरलेल्या मुलाखतींपुढे ‘सुरुवातीचा एका सेकंदाहून कमी भाग गहाळ’ अशी नोंद आहे, आणि गेलेल्या फोटोंच्या जागी फक्त तक्त्यातलं वर्णन. परवान्याच्या खरेदीला मंजुरी आली ती त्यानंतर. काम आटोपलं होतं, तेव्हा संस्थेने ते पैसे दुसऱ्या बॅकअप ड्राइव्हकडे वळवले.